रोजचं काही नाही ना?

तीन महिने तुनं मले भूत ऐकवलं अन् आता माहेरी जाऊन बसली, हे काही बरं केलं नाही. म्हातारीले फसवायचे आणखी शंभर रस्ते होते. रोज पहाटे तू न्हाणीत जाऊन फुस्स करायचं, अन् इकडं म्या बाजेवर पडल्या पडल्या मेलेल्या लेकीशी बोलायचं, हा कोणता धंदा झाला? माझी पंच्याहत्तरी उलटली. या वयात देवाचं नाव घ्यायचं सोडून मी भिंतीले कान लावून बसली. त्याचा जाब मले पाहिजे. हे आधी लिहून टाकलं, कारण राग पोटात ठेवून मले गोड लिहिता येत नाही.

प्रिय निता, आता आशीर्वाद घे. पत्र तुझ्या आजेसासूचंच आहे, रुख्मिणीचं. कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून चालली असं वाटलं तर वाटू दे. तिसरीत होती तवा बापानं शाळेतून काढून म्हशीमागं लावलं, तेवढ्या शिक्षणावर हे चाललं आहे. विनोद म्हणे, आजी, तू सांग, मी लिहितो. म्या म्हटलं, तू आपला मोबाइल कुरवाळत बस. बायको आखाडाले माहेरी गेली ती परत आली नाही अन् काहून आली नाही हे विचाराची तुझी हिंमत नाही, तू काय लिहिशील? फोन लावला तर तुझा बाप उचलते. राहू द्या ना बाई अजून आठ दिवस, म्हणते. आखाड सरला, नागपंचमी झाली, पोळा तोंडावर आला. तुमच्या किन्हीराजाले आठ दिवस केवढे मोठे असतात, ते एकदा मले येऊन पाहाव लागन.

घरचं ठीक आहे. सोयाबीन फुलावर आलं. माझा जगदेव सकाळी वावरात जाते अन् दुपारी येऊन मलेच विचारते, माय, सुनेचं काय झालं. जसं काही मी तिले ट्रंकेत घालून ठेवली. तुझ्या सासूचा गुडघा मात्र तू गेल्यापासून दुखत नाही. दाखवाले कोणी नसलं की दुखणं बी कंटाळते. पण काल तुझ्या हातची आंबाडीची भाजी आठवून डोळ्याले पदर लावत होती, हे मी सांगतलं असं सांगजो नको. विनोद जेवत नाही असं लिहिलं तर तुले बरं वाटन, म्हणून लिहीत नाही. जेवते. पण जेवताना दाराकडं तोंड करून बसते.

आता त्या आवाजाचं सांगते.

तुझं लग्न रामनवमीनंतर झालं. चारसहा दिवस झाले असतील, मी पहाटे ओसरीत बाजेवर पडली होती. न्हाणीची भिंत माझ्या डोक्याशीच आहे. तिकडून आधी काही हलवल्यासारखं खळखळ झालं. मग फुस्स. मग काहीच नाही. मी मनात आकडे मोजले, एक, दोन, तीन. दहावर हाऽऽऽ करून श्वास सुटला. तो आवाज म्या चौदा वर्षांत ऐकला नव्हता. दहा आकडे मोजून श्वास सोडणारी या घरात एकच होती, माझी साधना. विनोदची आत्या. तिचा फोटो तुनं पाहिला आहे, देवघराच्या बाजूले, कानात मोठे डूल असलेली.

तुले वाटन, म्हातारी उठून पाहाले काहून गेली नाही. चार पावलं तर होती. मले भेव नव्हतं. पण पाहिलं अन् ती नसली तर? म्हणून मी उठली नाही. डोळे मिटून पडून राह्यली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आवाज. कधी पहाटे, कधी दुपारी गोठ्याच्या मागून. कुटाराचं भुसकट उडालं की हमखास. तू पाणी आणाले गेली असशील, झाडून काढत असशील असंच मी धरून चालली. नवी सून अन् तो आवाज यांची गाठ मनात बसलीच नाही. माणूस ज्याची वाट पाहते तेच त्याले ऐकू येते. मग मी भिंतीशी बोलू लागली. म्हणायची, साधे, आली का वं? खाल्लं का काही? न्हाणीच्या दगडावर दोन वेळा चहा ठेवला. तो तुनंच पिला असन, कारण कप धुतलेला सापडायचा, अन् माझ्या साधनीनं जिवंतपणी कधी कप धुतला नव्हता. तवाच मले समजाले पाहिजे होतं.

तू आखाडाले गेली अन् आवाज बंद झाला. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. मी भिंतीले हात लावून विचारलं, रुसली का? काही नाही. पोरगी दुसऱ्यांदा मेल्यासारखं झालं मले. मग मी गेली न्हाणीत. शिकेकाईचा डबा वर कोनाड्यात असते, तो आता कोणी उघडत नाही, साऱ्या जणी पुड्यांचा शॅम्पू लावतात. डबा हलवला तर आत काही वाजलं. उघडला. आत तोंडात मारायचे दोन पंप. एक निळा, पार रिकामा. दुसरा तपकिरी, त्याच्या खोक्यावरचं सील बी तोडलेलं नव्हतं.

खोटं कायले बोलू, मी तिथंच ओल्या दगडावर बसली. भूत नव्हतं याचं वाईट वाटलं आधी. मग समजलं की भूत नसून जितं माणूस आहे, तवा खरं भेव वाटलं.

सुकेशनीले बोलावलं, आपल्या गावची आशा वर्कर. तिले दाराआड घेऊन ते दोन पंप दाखवले. ती पोरगी तोंडानं फटकळ आहे, म्हणून माझं तिचं जमते. म्हणे, आजी, हा निळा लागला तर घ्यायचा. दम लागला, नळी आवळली, की हा ती मोकळी करते, पण तेवढ्यापुरती. आतली सूज तशीच राह्यते. ती सूज उतरवाले हा तपकिरी. हा रोज घ्यायचा, सकाळ-संध्याकाळ, दम असो का नसो. घेतला अन् चूळ भरली, संपलं. अन् ज्या माणसाचा निळा संपते अन् तपकिरी सीलबंद राह्यते, आजी, त्या माणसाचं मले भेव वाटते. कोणाचे आहेत हे? म्या म्हटलं, आहेत कोणाचे तरी. ती हसली नाही. म्हणे, ज्याचे असतील त्याले सांगा, निळा म्हणजे घर पेटल्यावर मारलेलं पाणी आहे.

मले हे नवीन नव्हतं. हेच शब्द नाही, पण हीच गोष्ट मले वाशिमच्या एका डॉक्टरनं सांगतली होती, साधना सतरा वर्षांची असताना. लहानपणापासून तिची छाती वाजायची. गहू उपणायले गेली की संध्याकाळी उश्या लावून बसायची, आडवं होता येत नव्हतं. त्या डॉक्टरनं दोन पंप दिले अन् मले समोर बसवून म्हटलं, माय, हा रोजचा, हा लागला तर. दोन वर्ष ती रोजचा घेत होती. दोन वर्ष पोरगी हरणासारखी होती, सांगते तुले. विहिरीवरून दोन हंडे घेऊन यायची, अन् वरून मलेच म्हणायची, माय, तूच म्हातारी झाली, तूच बस.

मग तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली. पोरीकडच्या घरात त्या दिवशी काय विचारतात, तुले ठाऊक आहे. पगार, शेती, भाऊ किती, सारं झालं की पाहुण्यांतली जुनी बाई सुपारी कातरता कातरता हळूच विचारते, पोरीले रोजचं काही औषध नाही ना? दुखणं आहे का असं तोंडावर कोणी विचारत नाही, ते वाईट दिसते. रोजचं औषध विचारतात. त्यात सारं येते, साखर, बीपी, फिट, दमा. पाहुणे रविवारी येणार होते. म्या त्याच्या आधल्या आठवड्यातल्या शनिवारी, आठ दिवस आधी, साधनाचा तपकिरी पंप काढून घेतला. म्हटलं, आता लागला तरच निळा घे. रोजचा बंद. ती म्हणे, काहून? म्या म्हटलं, मले खोटं बोलाव लागू नये म्हणून.

असं झालं ते. मी मोठी खरं बोलणारी. पाहुणीनं विचारलं, रोजचं काही नाही ना? अन् म्या तिच्या डोळ्यात पाहून सांगतलं, रोजचं? नाही. शपथेवर खरं होतं. आठ दिवसांपासून रोजचं काहीच नव्हतं.

तिले दिली भागवतच्या घरी, रिसोडकडं. माणूस चांगला, बोलणं कमी, हळदीची शेती. जाताना तपकिरी पंप म्या माझ्यापाशी ठेवून घेतला अन् निळा तिच्या पोलक्यात घालून दिला. म्हटलं, रोजचा तिथं कोणाच्या नजरेस पडन. दोन वेळा घ्यायचा, वरून चूळ भरायची, नव्या सुनेले एवढी आड जागा कोण देते? निळ्याचं बरं, मोरीत गेलं, एक मारला, बाहेर आलं. नंतर सांगू, म्हटलं. एक लेकरू होऊ दे, घरात पाय रोवू दे, मग सांगू. दिवाळीले आली तवा गाल बसले होते. निळे किती लागतात गं, असं म्या विचारलं. म्हणे, आता जास्त लागतात माय. म्या म्हटलं, मग जास्त घे. अजून दोन आणून दिले. आई होती मी तिची.

फाल्गुनात तिच्या घरी हळद पॉलिश करणं चालू होतं. तो मोठा ड्रम तुनं पाहिला असन, आत वाळलेली हळद घालून फिरवतात अन् पिवळा धुराळा उठते, माणूस दिसत नाही त्यात. ती टोपल्या उचलून देत होती. मध्येच मोरीत गेली. तिच्या नणंदेनं आवाज ऐकला, एकदा, दोनदा, चारदा, पण काय आहे ते तिले काय समजन? कोणाले सांगतलंच नव्हतं ना. दार तोडलं तवा वेळ होऊन गेला होता. गाडी मिळाली, दवाखान्यात नेलं, पण ते आपलं, नेलं नाही असं लोकांनी म्हणू नये म्हणून. मी पोचली तवा तिले आंघोळ घालून ठेवली होती, तरी कानाच्या मागं हळद राह्यली होती. लग्नात लावली होती तिथंच.

गावात सांगतलं, हार्ट बंद पडलं. सारे अजून तेच म्हणतात. तेराव्याच्या दिवशी भागवतनं रुमालात बांधून एक वस्तू मले आणून दाखवली. निळा पंप. म्हणे, सासूबाई, हे तिच्या मुठीत होतं, हे काय असते? अन् म्या काय सांगतलं असन? म्या सांगतलं, मले काय ठाऊक बा, सेंट-बिंट असन पोरीसोरींचं. तो मान हलवून गेला. त्या वर्षी त्यानं ड्रम विकला. त्याले वाटते, त्याच्या हळदीनं ती गेली. तवापासून त्यानं हळद पेरली नाही. चौदा वर्ष झाले, दुसरं लग्न झालं, दोन पोरं झाली, पण बांधावरून जाताना दुसऱ्याच्या हळदीकडं पाहत नाही म्हणतात. अन् मी इथं बसून त्याले तसं वाटू देत राह्यली.

म्हणून परवा मी त्याच्याकडं जाऊन आली. जगदेव म्हणे, माय, या कंबरेनं यस्टीत कुठं जातं? म्या म्हटलं, कंबर माझी आहे, तिकीट सरकारचं आहे, तू चूप बस. गेली. भागवतच्या अंगणात बसली अन् सारं सांगतलं, तुले लिहिलं तसंच. त्यानं एकच विचारलं. तिले ठाऊक होतं का, रोजचा घ्याव लागते म्हणून? म्या म्हटलं, हो. म्या घेऊ दिला नाही. त्याच्या बायकोनं चहा आणला. त्यानं मले दिला, स्वतःचा तसाच ठेवला. निघताना फाट्यापर्यंत सोडाले आला. गाडी आली तवा माझी पिशवी वर चढवून दिली. त्यानं मले शिव्या दिल्या असत्या तर मी हलकी होऊन घरी आली असती. तसं काही झालं नाही. बरं झालं, नाही झालं ते.

सोमवारी म्या घरात साऱ्यांसमोर सांगतलं की निताले दमा आहे, तिले पंप लागते, एक रोजचा अन् एक लागला तर. तुझी सासू म्हणे, म्हणजे आपल्याले फसवलं किन्हीराजावाल्यांनी! म्या म्हटलं, फसवणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव माझं टाक, मग त्यांचं टाक. अन् साधनाचं बी तिथंच सांगतलं. जगदेव उठून बाहेर गेला, बहीण होती त्याची, संध्याकाळपर्यंत आला नाही. थोड्या वेळानं विनोदनं सुताराकडून एक फळी आणली, ओसरीत आरशाच्या खाली ठोकली अन् मले म्हणे, आजी, इथं ठेवता येईन ना तिले? दम्याच्या बायकोले घरात घ्याव का, असं या घरात अजून कोणी विचारलं नाही. विचारलं तर मी आहे.

सुकेशनीची बहीण आपल्या जिल्ह्यातल्या मालेगावले आहे. सुकेशनी तिकडं चालली, जाता जाता तुझ्या घरी थांबन. तिच्या हातीच हे पत्र अन् तो तपकिरी पंप देते. तारीख तिनं पाहिली, बरोबर आहे. कसा घ्यायचा ते तुझ्यासमोर करून दाखवन, पण एकदा डॉक्टरले छाती दाखवजो अन् त्यालेच विचारजो किती घ्यायचा. दसऱ्याच्या आसपास आपल्याकडं सोयाबीनची मळणी लागन. तो धुराळा हळदीपेक्षा काही कमी नाही. त्याच्या आधी तुझ्या छातीतली सूज उतरली पाहिजे, अन् ती काही एका दिवसात उतरत नाही. म्हणून मले घाई आहे. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडशील तर मी स्वतः येऊन दोन थापडा देईन.

आता हे पत्र कायले लिहिलं ते सांगते, बाकी सारं मी तोंडानं बी सांगू शकली असती. मागच्या माघात आमी तुमच्या घरी आलो होतो. तू पोहे दिले अन् आत गेली. सुपारी माझ्या हाती होती. म्याच तुझ्या बापाले विचारलं होतं, पोरीले रोजचं काही औषध नाही ना? साधना खाऊन बी म्या तोच प्रश्न विचारला, सवयीनं, जसं आपण पाहुण्याले पाणी विचारतो. तुझा बाप सरळ नाही म्हणाला नाही. तो म्हणे, रोजचं? अन् थांबला. अन् मग म्हणे, नाही. तो मधला थांबा मले ओळखू आला, निता. अख्ख्या वाशिम जिल्ह्यात तो दुसऱ्या कोणाले ओळखू आला नसता. त्या क्षणी मले समजलं होतं की या घरात बी आठ दिवसांआधी काही बंद केलं आहे. अन् मी सुपारी तोंडात टाकली अन् पोरगी पसंत आहे म्हटलं. म्हणजे भुताचा आवाज पहिल्यांदा आला तवा मले खरं ठाऊक असाले पाहिजे होतं की तो कोणाचा आहे. असनच ठाऊक. तुझ्यापेक्षा मेलेली लेक परवडली म्हणून तिचं नाव दिलं मी त्या आवाजाले. त्या सीलबंद पंपाचं सील तुझ्या बापानं नाही, म्या लावलं होतं. माझा तो प्रश्न मी परत घेते. तुझ्या बापाच्या उत्तराचा राग नाही, त्याले तसं सांग.

तुझीच, अन् जाब अजून मागतच असलेली,
आजी रुख्मिणी
आसेगाव

ता. क. सुकेशनी तुझ्या ओसरीत तासभर बसन, तेवढ्यात उत्तर लिहून तिच्या हाती दे. बापानं फोन करायचा नाही, मायनं निरोप द्यायचा नाही, विनोदले मेसेज टाकून त्याच्या तोंडून मले कळवायचं नाही. तिच्यासमोर आजचा घेतला का नाही, एवढंच लिही, पण तुनंच लिही.